दोन मिनिटांची परीक्षा

पी.एल. लागली की आपल्या हॉस्टेलचं रूपच पालटतं. रीडिंग हॉलमध्ये सकाळी सहालाच वह्या ठेवून जागा धरल्या जातात, मेसमधल्या गप्पा आटतात आणि रात्री दोन वाजता चहाच्या टपरीवर गर्दी असते. जो तो अभ्यासात असतो. पण रिझल्ट लागला की लक्षात येतं, तासांचा आणि मार्कांचा हिशेब काही जुळत नाही. कोणी रोज दहा तास बसूनही के.टी. घेऊन येतो, तर कोणी चार तासांत निभावून नेतो. मग आपण 'त्याचं डोकंच तसं आहे रे' असं म्हणून मोकळे होतो.

मला हे उत्तर पटत नाही. लेथ चालवणं जसं शिकावं लागतं, तसा अभ्यास करणंही शिकावं लागतं. पण त्याचा विषय कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. तो समजावून घेण्यासाठी मी तुम्हाला सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गला घेऊन जाणार आहे. तिथे १८९८ साली एक परीक्षा झाली होती. पेपर होता जेमतेम दोन मिनिटांचा, आणि री-एक्झामची सोय नव्हती!

किल्ल्यावरची तयारी

विजयदुर्ग म्हणजे देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या तोंडावर उभा असलेला जलदुर्ग. आंग्र्यांचं आरमार आपल्या सर्वांना माहीत आहे. पण या किल्ल्यावर दगडी ओटेही आहेत. लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' किंवा 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. हा साहेब म्हणजे सर नॉर्मन लॉकयर, इंग्लंडमधले नामांकित खगोलशास्त्रज्ञ. २२ जानेवारी १८९८ रोजी दिसणारं खग्रास सूर्यग्रहण अभ्यासायला ते इथे आले होते. बरोबर 'मेलपोमीनी' नावाची ब्रिटिश नौदलाची युद्धनौका होती.

आता अडचण बघा. ग्रहण तासन्तास चालतं, पण सूर्य पूर्ण झाकलेला असतो तो काळ अगदी थोडा. विजयदुर्गला तो साधारण दोन मिनिटांचा होता. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या प्लेटा बदलायच्या, वर्णपटाचे फोटो घ्यायचे, सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची चित्रं काढायची. एकाचा हात अडखळला की त्याची निरीक्षणं गेली. पुढचं ग्रहण कुठेतरी दुसऱ्या देशात, दोन-तीन वर्षांनी.

आणि हे काम करणारे कोण, तर बरेचसे जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी! यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी स्पेक्ट्रोस्कोपला हात लावला नव्हता. लॉकयरनी त्यांना खगोलशास्त्राची लेक्चरं देऊन विद्वान केलं नाही. त्यांनी प्रत्येकाला एक ठरावीक काम वाटून दिलं आणि सगळ्यांकडून तालीम करून घेतली. ग्रहण नसताना, ग्रहण आहे असं समजून. वेळ मोजणारा माणूस वेळ पुकारणार आणि प्रत्येकजण आपलं काम त्या वेळात करून दाखवणार. कुठे हात अडकतो ते कळलं की दुरुस्ती, आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्यक्ष दिवशी आकाश निरभ्र राहिलं आणि काम फत्ते झालं. तिथे मिळालेल्या वर्णपटांवरचे शोधनिबंध पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले.

आपण तालीम करतो का?

आता आपल्याकडे वळू. परीक्षेत आपल्याला काय करायचं असतं? पुस्तक बंद, समोर कोरा कागद, डोक्यावर घड्याळ. आणि पी.एल.मध्ये आपण काय करतो? पुस्तक उघडं, हातात हायलायटर, घड्याळाकडे पाठ. म्हणजे ज्या कामाची परीक्षा आहे ते काम आपण सोडून बाकी सगळं करतो. एखादं डेरिव्हेशन तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि 'हे येतंय की' असं म्हणून आपण पान उलटतो. पण ओळखता येणं आणि आठवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्लीतला चेहरा आपण लगेच ओळखतो, पण न बघता त्याचं चित्र काढायला सांगितलं तर पंचाईत होते!

हा फक्त माझा अंदाज नाही. २००६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, सेंट लुइस इथे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका गटाने दिलेला उतारा पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण आठवड्यानंतर चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून बघणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

आदल्या रात्री 'नाइट मारून' वाचलेलं सकाळी बऱ्यापैकी निभावून जातं, पण पुढच्या सेममध्ये त्याच विषयाचा दुसरा भाग आला की पाटी कोरी असते. त्याचं कारण या आकड्यांत आहे.

आमच्या विंगमधला एक मुलगा

हे सगळं मी लिहायला का बसलो ते सांगतो. दरवर्षी फर्स्ट इयरला बारावीला भरपूर मार्क मिळवून आलेली मुलं हॉस्टेलवर येतात. त्यातली बरीच लहान गावांतली, मराठी माध्यमातली. पहिल्या सेमला एम-वनमध्ये दांडी उडते, आणि घरी शेत किंवा बाग गहाण ठेवून फी भरलेली असते. आमच्या विंगमधला देवगडकडचा एक मुलगा रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी बॅग भरून बसला होता. 'माका ह्यां जमाचां नाय,' एवढंच म्हणत होता. त्याचं गाइड बघितलं तर पानापानावर तीन रंगांच्या रेघा. त्याने कष्ट कमी केले होते असं कोणीही म्हणू शकलं नसतं.

आमच्या एका सीनियरने त्याला थांबवून घेतलं. त्याच्याकडचं गाइड काढून घेतलं आणि मागच्या वर्षाच्या पेपरमधला एकच प्रश्न कोऱ्या कागदावर लिहायला दिला, पंधरा मिनिटं लावून. तो तिसऱ्या पायरीवर अडकला. सीनियर म्हणाला, 'बघ, तुला सगळं इंजिनिअरिंग येत नाही असं नाही, तुला ही तिसरी पायरी येत नाही.' मग रोज रात्री जेवणानंतर असाच एक तास चालू झाला. तो पुढच्या प्रयत्नात एम-वन सुटला आणि आज थर्ड इयरला आहे. साहेबाच्या ओट्यांची गोष्ट मी पहिल्यांदा त्याच्याकडूनच ऐकली.

करायचं काय?

सांगायला सोप्या पण चिकाटी लागणाऱ्या काही गोष्टी देतो.

पहिली, लेक्चर झालं की त्याच संध्याकाळी दहा मिनिटं, वही न उघडता, आज काय शिकवलं ते लिहून काढा. समजा, बर्नुलीचं समीकरण झालं. ते लिहा, आणि ते कधी लागू पडतं तेही लिहा. प्रवाह स्थिर हवा, घनता बदलता कामा नये, घर्षण धरलेलं नाही, एकाच प्रवाहरेषेवर. यातलं एखादं राहिलं की मगच वही उघडा. व्हायवाला सर नेमके इथेच पकडतात.

दुसरी, तेच पुन्हा दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने करा. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं, आणि तोच वेळ वेगवेगळ्या दिवशी विभागून दिला तर कमी मेहनतीत पाठांतर टिकतं. पी.एल.मधल्या सलग सहा तासांपेक्षा सेमभर विखुरलेले सहा तास म्हणूनच जास्त कामाचे.

तिसरी, न्यूमेरिकल्स मिसळून सोडवा. आपण काय करतो, बेंडिंगचे दहा, मग टॉर्शनचे दहा. सहाव्या गणितापर्यंत हात यंत्रासारखा चालतो, पण सूत्र कुठलं लावायचं हा प्रश्न आपल्याला पडलेलाच नसतो, कारण चॅप्टरच्या नावानेच ते सांगितलेलं असतं. पेपरात चॅप्टरचं नाव नसतं. रोरर आणि टेलर यांनी २००७ साली घनफळाच्या गणितांवर असाच प्रयोग केला. सराव करताना मिसळून सोडवणाऱ्यांच्या चुका जास्त झाल्या, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत तेच बरेच पुढे गेले. तेव्हा सराव करताना अडखळलात तर घाबरू नका.

चौथी, दुसऱ्याला शिकवा, आणि तेही आपल्या भाषेत. इंग्रजी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्यांची एक सोय असते. 'एंट्रॉपी'ची इंग्रजी व्याख्या आम्ही न अडखळता म्हणून टाकतो, त्यामुळे ती समजली नाही हे कोणालाच कळत नाही, आम्हालाही नाही. तीच रूममेटला मराठीत सांगायला गेलं की दुसऱ्या वाक्यालाच गाडी थांबते. मराठी माध्यमातल्या मित्राने याच्या उलट करावं. आधी मराठीत पक्कं समजून घ्यावं आणि मग इंग्रजीत लिहायची तालीम करावी, कारण पेपर इंग्रजीत आहे. दोघं एका रूममध्ये असले तर उत्तमच!

पाचवी, अभ्यासाच्या ग्रुपमध्ये काम वाटून घ्या. किल्ल्यावर प्रत्येकाला एकच काम होतं आणि ते त्याला चोख यायलाच हवं होतं. चौघांनी चार टॉपिक घ्यावेत, प्रत्येकाने आपला टॉपिक बाकीच्यांना फळ्यावर समजावून द्यावा, आणि ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायला लाजू नये. ज्याच्या रूमवर नुसता चहाच होतो तो ग्रुप सोडून द्यावा.

ढग आणि दंतकथा

एक गोष्ट मात्र कितीही तालीम केली तरी आपल्या हातात नसते. विजयदुर्गच्या आधीचं ग्रहण ९ ऑगस्ट १८९६ चं. लॉकयर नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेले होते. तिथेही युद्धनौका, खलाशी, काम वाटून देणं, तालीम, सगळं असंच केलं होतं. आणि ऐनवेळी ढग आले! सगळी मेहनत पाण्यात. पण तालमीची ती पद्धत पाण्यात गेली नाही, दीड वर्षाने तीच विजयदुर्गला कामी आली. आपल्यालाही कधी ऐन पेपरच्या दिवशी ताप येतो, कधी पेपरच वेडावाकडा निघतो. अशा वेळी 'माझी पद्धत चुकली की ढग आले?' हा प्रश्न शांतपणे विचारायला हवा. पद्धत चुकली असेल तर ती बदला. ढग असतील तर तीच पद्धत घेऊन पुढच्या वेळी उभे राहा. दोन्हीपैकी कशासाठीच बॅग भरायची गरज नाही. आणि मन फारच खचलं तर रेक्टर सरांशी, घरच्यांशी, निदान शेजारच्या रूमशी बोला. मदत मागणं हेही शिकायचं कौशल्यच आहे.

जाता जाता विजयदुर्गचाच आणखी एक धडा. 'लॉकयरनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी या किल्ल्यावरून हेलियम शोधला' असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं. किल्ल्यावर त्या तारखेला हेलियम दिवसही साजरा होतो. ते ग्रहण खरंच झालं होतं आणि फ्रान्सचे जान्सेन यांनी ते आंध्रातल्या गुंटूरहून बघितलं होतं. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते. त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेघ पकडली ती २० ऑक्टोबर १८६८ ला, तीही ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधूनच. त्या काळात ते वॉर ऑफिसमध्ये कारकून होते, कुठल्याही युनिव्हर्सिटीची डिग्री नव्हती, आणि खगोलशास्त्र नोकरी सांभाळून चाललेलं. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना. विजयदुर्गला लॉकयर आले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

यामुळे किल्ल्याचं मोठेपण कमी होत नाही. तिथे झालेलं काम खरं आहे आणि मोलाचं आहे. मात्र एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, असं होत होत तीस वर्षांचं अंतर पुसून जातं. आपल्या जर्नलांचं वेगळं काय होतं? सीनियरच्या जर्नलमधलं चुकीचं रीडिंग चार बॅचेस पुढे जातं. आता तर मोबाइलवर एका प्रश्नाला क्षणात सफाईदार उत्तर मिळतं आणि ते बरोबर आहे का हे विचारायचं आपण विसरतो. तेव्हा तारखा जुळवून बघा, एकके तपासा, मूळ पुस्तक उघडा. इंजिनिअरच्या हातून पूल उभा राहतो, तो उतरवलेल्या आकड्यावर उभा राहता कामा नये.

सुरुवात मोठी करायची गरज नाही. आज जेवण झालं की मेसमधून सरळ रूमवर या, आजच्या पहिल्या लेक्चरचं नाव एका कोऱ्या कागदावर लिहा, घड्याळ लावा आणि दहा मिनिटं थांबू नका. जिथे पेन अडेल तिथे एक खूण करा. उद्याचा अभ्यास त्या खुणेपासून सुरू करायचा.