तंबोऱ्यांची मिरज-वारी

येत्या कार्तिकात बडोद्याहून मिरजेस मोटारसायकलवरून जाण्याचा माझा बेत कळल्यापासून ओळखीच्या मंडळींनी माझ्या शहाणपणाविषयी उघड शंका घेण्यास आरंभ केला आहे. "अहो मास्तर, गाणे शिकवता ते पुरे नाही का?" असे रावपुऱ्यातील एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले. मोटारसायकल काकांची, १९७४ सालची बुलेट. तिच्या डाव्या अंगाला साइडकार. आणि त्या साइडकारमधले उतारू दोन, माझ्या वडिलांचे तंबोरे. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सर्वांना येथेच सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मिरजच का, हे जुन्या बडोदेकरांस सांगावयास नको. शस्त्रे घडविणाऱ्या व पाजळणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडविण्यास सुरुवात केली, आणि पुढे घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील मोठा कडू भोपळा आणि तूनच्या लाकडाची दांडी यांतून घडलेले तेथील तंबोरे देशभर गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. आपले आणि मिरजेचे नाते आणखी एका धाग्याचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आपल्याच दरबारी होते. ताराबाई माने यांच्यासह बडोदे सोडून गेले, ते अखेर मिरजेचे झाले. १९३७ साली ते निवर्तले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

माझे वडील संस्थान विलीन झाले त्या १९४९ सालापूर्वी, मिसरूड फुटण्याच्या वयात, दरबारात तंबोऱ्याला बसत. पुढे ते गायले, त्यांनी शिकविले. पण शेवटपर्यंत "मी तंबोऱ्यावाला" असेच म्हणत. त्यांची ही जोडी मिरजेची. थोरल्याची घोडी झिजून जवारी बसली आहे. तार छेडली की नाद उमलण्याऐवजी टणत्कार होतो. धाकट्याच्या भोपळ्याला गळ्याजवळ बोटभर भेग गेली आहे. यंत्रावरचा तंबोरा हल्ली घरोघर आहे, माझे विद्यार्थीही तो वापरतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दोन खऱ्या तंबोऱ्यांच्या मध्ये बसून षड्ज लावलेला मुलगा पुढे कोठेही बेसूर झाला तरी त्याचे त्यालाच कळते, हे मी वीस वर्षे पाहात आलो आहे. जोडी मुकी झाली तर माझ्या शिकवणीतला निम्मा गुरू गेला.

मग आगगाडी काय वाईट, असा प्रश्न येतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा तंबोरा मालडब्यातून आला तो मानेपाशी दुभंगूनच. उतारूंच्या डब्यात पाच फुटांची दोन वाद्ये उभी करावयाची तर इतरांनी बसावे कोठे? भाड्याची मोटार घ्यावी तर महिन्याची शिकवणी तिच्यातच जाते. तेव्हा काकांच्या बुलेटला अंगणातील झोळाखालून बाहेर काढले.

ही गाडी मद्रासची. तेथे एनफील्ड इंडियाचे काम १९५५ साली सुरू झाले. यंत्र अगदी साधे: एकच सिलिंडर, बोअर ७० मिलिमीटर, धाव ९० मिलिमीटर. प्रतापनगरकडील एका वृद्ध मिस्त्रींनी ते उघडले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. इंजिन थंड असताना पिस्टन दाबाच्या फेरीत माथ्यावर आणावा, आणि मग पुशरॉड दोन बोटांनी फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, हा टॅपेटचा नियम. चाचा मला कान देऊन ऐकावयास लावीत. "मास्टर, इसका सूर सुनो!" टॅपेट सैल असला की टकटक वाजतो, फार आवळला तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. गप्प बसलेले यंत्र नेहमीच निरोगी नसते, हा धडा गाण्याच्या शिक्षकासही उपयोगी आहे.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर राखली. पेट्रोलची रबरी नळी बदलली, कारण आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते. ते ओल ओढून घेते आणि जुने रबर मऊ करते. क्लचची नवी तार जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवली आहे, म्हणजे वाटेत तुटली तर दोन्ही टोके जोडण्याचेच काम उरेल. प्लग, कंडेन्सर, साखळीची कडी, दोन ट्यूब, दिवे, हे सर्व एका डब्यात. कागदपत्रांचेही तसेच. खाजगी गाडीची नोंद पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. ते काम दोन खेपांत झाले.

खरी कसोटी साइडकारची. गाडी वेग घेते तेव्हा डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे जाऊ पाहाते. डावे वळण वेगात घेतले आणि साइडकार हलकी असली तर तिचे चाक जमीन सोडते. यावर उपाय दोन. साइडकारचे चाक पुढच्या बाजूस किंचित आत वळलेले हवे. दोन सरळ फळ्या चाकांना लावून आम्ही हा फरक वीस मिलिमीटर ठेवला. गाडी स्वतः उजवीकडे अगदी थोडी कललेली हवी, म्हणजे माणूस आणि ओझे चढल्यावर सरळ होते. दुसरा उपाय वजनाचा. दोन तंबोरे मिळूनही आठ-दहा किलोच्या वर जात नाहीत. म्हणून हत्यारांची पेटी आणि पाण्याचा कॅन साइडकारच्या तळाशी, आसाजवळ बांधले.

तंबोऱ्यांसाठी सुताराकडून साडेपाच फुटी पेटी करविली. तळाशी काथ्याची गादी, त्यावर जुन्या गोधड्या. भोपळा कापडी कड्यात तरंगता ठेवला. पेटीच्या लाकडाला तो कोठेही टेकत नाही. तारा निम्म्याच सैल केल्या. पुऱ्या सोडल्या तर घोडी जागची हलते, पुऱ्या ताणलेल्या ठेवल्या तर प्रत्येक खड्डा दांडीला बसतो.

रस्ता साधारण पावणेआठशे ते आठशे किलोमीटर. भरूचला नर्मदा ओलांडून सुरत, वापी, मनोर. तेथून भिवंडी-कल्याणवरून पनवेल. पुण्याचा द्रुतगती मार्ग दुचाकीस बंद आहे, म्हणून जुन्या रस्त्याने बोरघाट. पुढे खंबाटकी, सातारा, कऱ्हाड, आणि पेठ नाक्यावरून सांगली. ताशी पंचेचाळीसच्या वर जावयाचे नाही आणि अंधार पडल्यावर चालवावयाचे नाही, असे ठरविले आहे. म्हणजे मुक्काम धरून तीन दिवस. घाट चढताना बिडाचे इंजिन तापते. तेव्हा मध्येच थांबून त्याला निवू द्यावे. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर कमीत कमी भार टाकून.

गेल्या रविवारी डभोईपर्यंत जाऊन येऊन साठ किलोमीटर फिरून पाहिले. थोरला तंबोराच नेला होता. घरी येऊन पेटी उघडली, तारा चढविल्या. घोडी जागेवर होती, एकही खुंटी सुटली नव्हती. आईने दारातूनच ऐकले आणि म्हणाली, "नेलास तरी चालेल." तिच्या मुखातून एवढे निघणे म्हणजे परवानाच.

गाडीविषयी माझी काळजी त्या दिवशी मिटली. भोपळ्याविषयीची मिटलेली नाही. मिरजेच्या कारागिरांनी भेग आतून सांधता येईल असे सांगितले तर उत्तम. भोपळाच बदलावा लागेल असे म्हणाले, तर दांडी, खुंट्या, घोडी सर्व तीच राहूनही आवाज दुसरा होईल. वडिलांच्या कानाने जुळलेला आवाज एकीकडे, आणि पुढची तीस वर्षे मुलांना पुरेल असे धडधाकट वाद्य दुसरीकडे. वडील असते तर त्यांनी काय निवडले असते याचा मी बराच विचार केला. ते बसत ती जागा गवयाच्या मागे होती, आणि तंबोरा गाणाऱ्यासाठी असतो असे ते नेहमी सांगत. तेव्हा कारागीर म्हणतील ते करून घ्यावयाचे, असे मी ठरविले आहे. पेटीत येताना दोन्ही तंबोरे असतील. त्यांतला एक कदाचित नव्या आवाजाचा.