दुधाचा पडदा आणि रुपेरी पडदा

वाचकहो, मिरज, बेळगाव, लोंढा अशा वाटेने रेल्वेने गोव्याला निघालात, की सह्याद्रीच्या माथ्यावर कॅसल रॉक नावाचे लहानसे स्टेशन लागते. तिथून गाडी उतरणीला लागते. एकामागून एक बोगदे येतात. डब्यात अंधार होतो, उजेड होतो, पुन्हा अंधार होतो. करंझोळ गेले, दूधसागर स्टेशन गेले, आणि मग अशाच एका बोगद्यातून बाहेर पडल्यावर सगळा डबा एकदम एका बाजूच्या खिडक्यांकडे धावतो. समोर डोंगरावरून पांढरेशुभ्र पाणी कोसळत असते. ते पाणी आगगाडीच्या पुलाखालून वाहत पुढे दरीत उडी घेते. पावसाळ्यात त्याचे तुषार खिडकीतून आत येतात. हाच दूधसागर.

या धबधब्याची उंची ३१० मीटर सांगतात. दिल्लीचा कुतुबमिनार पुष्कळांनी पाठ्यपुस्तकातल्या चित्रात तरी पाहिलेला असतो. असे चार मिनार एकावर एक ठेवले, तरी दूधसागराचा माथा थोडा वरच राहील. मात्र एवढे पाणी एकाच उडीत खाली येत नाही, टप्प्याटप्प्याने, पायऱ्या उतरल्यासारखे येते. पुढे ही दूधसागर नदी खांडेपार नदीच्या रूपाने मांडवीला मिळते. मांडवी म्हणजेच डोंगरातल्या लोकांची म्हादई. खांडेपारच्या काठी ओपा येथे पाणी शुद्ध करण्याचा मोठा प्रकल्प आहे आणि फोंडा, पणजी या बाजूंच्या नळांना तिथले पाणी येते. तेव्हा पणजीचा एखादा गृहस्थ दूधसागर पाहायला कधी गेला नसला, तरी तो दूधसागराच्या पाण्यावरच जगतो आहे असे म्हणायला हरकत नाही.

आता कथा ऐका. फार पूर्वी या रानात एका राजाचा वाडा होता. राजाची कन्या रूपवान. ती रोज मैत्रिणींसह डोंगरातल्या तळ्यावर स्नानाला जाई, आणि स्नान झाले की सोन्याच्या घागरीतून साखर घातलेले दूध पिई. एके दिवशी स्नान चालू असतानाच झाडाआड काही हालले. पाहते तो एक राजपुत्र टक लावून उभा! लाजेने तिला काय करावे सुचेना. वस्त्रे दूर राहिलेली. तेव्हा जवळच्या एका सखीने प्रसंगावधान राखून ती दुधाची घागर राजकन्येसमोर उपडी केली. दुधाचा पडदा झाला आणि त्या पडद्याआड राजकन्येने वस्त्रे नेसली. ते दूध डोंगरावरून वाहत गेले, ते आजतागायत वाहतेच आहे.

कोणी सांगतात की घागर राजकन्येने स्वतःच ओतली. कोणी घागरीला रत्नेही जडवतात. लोककथेचे असेच असते. सांगणाऱ्याच्या हाताप्रमाणे तिला मीठमसाला पडतो. माझ्या मते या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे उपमा दुधाची आहे. या डोंगरांत गवळी-धनगरांच्या वस्त्या आहेत, म्हशी घेऊन ते रानात राहत आले. पांढऱ्या पाण्याला चांदी न म्हणता दूध म्हणावे, हे असल्याच मुलखात सुचायचे. दुसरी गोष्ट अशी, की कथेत धबधबा हा पाहण्याची वस्तू नाहीच मुळी. तो पडदा आहे. पलीकडचे झाकण्यासाठी तो निर्माण झाला. टक लावून पाहणारा जो राजपुत्र, त्याची बाजू कथेने घेतलेली नाही.

शाळेत ही कथा सांगितली, की एखादा चौकस मुलगा विचारणारच : ‘गुरुजी, पाण्याला रंग नसतो, मग ते दुधासारखे का दिसते?’ प्रश्न चांगला आहे आणि उत्तर घरच्या डब्यात आहे. खडीसाखरेचा चांगला खडा घेऊन उजेडात धरा. तो काचेसारखा दिसतो, पलीकडचे अंधुक दिसतेसुद्धा. तोच खडा खलबत्त्यात कुटा. पांढरी पूड होते. साखर तीच, पण आता तिला हजारो बारीक पृष्ठभाग झाले. प्रत्येक कणावरून उजेड इकडेतिकडे उधळतो आणि त्यातले सगळे रंग सारखेच उधळत असल्यामुळे आपल्याला पांढरे दिसते. धबधब्यात खडकाच्या पायऱ्या हे कुटण्याचे काम करतात. पाण्याचे थेंब होतात, थेंबांत हवा मिसळते, फेस होतो. दूधही याच कारणाने पांढरे दिसते, त्यात स्निग्धाचे बारीक कण तरंगत असतात. म्हणजे कथेतली उपमा शास्त्राच्या दृष्टीनेही फारशी चुकलेली नाही, बरं का!

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. पाऊस जूनला सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. मग दूधसागर नाताळात कसा वाहतो? मे महिन्यात बारीक होतो, पण धार राहते, ती कुणाच्या पुण्याईने? त्याचे उत्तर पडद्याआड, म्हणजे वरच्या रानात आहे. दाट झाडीखाली पानांचा थर असतो. तो कुजून खालची माती भुसभुशीत होते आणि मुळांनी जमिनीत वाटा केलेल्या असतात. आभाळातून आलेला थेंब आधी पानावर पडतो, मग पाचोळ्यावर, आणि मग हळूच जमिनीत, खडकांच्या भेगांत जिरतो. पावसाळाभर डोंगर भिजलेल्या गोधडीसारखे पाणी धरून ठेवतो आणि पुढे झऱ्याझऱ्यांनी सोडत राहतो. डोंगर उघडा असता, तर तेच पाणी मातीसकट दोन तासांत खाली आले असते.

शिक्षकांना हे वर्गाबाहेर दोन फळ्यांवर सहज दाखवता येईल. दोन फळ्या सारख्या तिरक्या ठेवा. एकीवर नुसती माती पसरा, दुसरीवर हरळीचा गवतासकट काढलेला थर ठेवा. खाली दोन पातेली मांडा आणि दोन्हींवर झारीने एकेक तांब्या पाणी घाला. कोणत्या पातेल्यात पाणी आधी आले, कोणत्यात गढूळ आले, आणि कोणत्या फळीवरून नंतरही थेंब गळत राहिले, हे मुलांनाच लिहून काढू द्या. धबधब्याचा अर्धा अभ्यास तिथेच होतो.

या रानाला संरक्षण मिळाले ते गोवामुक्तीनंतर. मोले गावाच्या परिसरातले हे जंगल १९६९ मध्ये अभयारण्य झाले. भगवान महावीर अभयारण्य हे त्याचे नाव. राष्ट्रीय उद्यानासह त्याचा विस्तार सुमारे २४० चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातला आतला १०७ चौरस किलोमीटरचा भाग १९७८ मध्ये मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून वेगळा करण्यात आला. गवे, सांबरे, बिबटे, शेकरू इथे आहेत, वाघाचीही नोंद झालेली आहे. पक्ष्यांची हौस असणाऱ्याला तर इथून पाय निघत नाही.

रान माणसाचे काय राखते, याचा एक नमुना याच बाजूला आहे. तांबडी सुर्ला येथले महादेवाचे देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातले, कदंब राजवटीतले. ते काळ्या पाषाणात कोरलेले आहे. हा दगड इथल्या जमिनीतला नाही, तो घाटावरून आणला असे जाणकार सांगतात. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातली कितीतरी जुनी देवळे गेली, हे मात्र राहिले. का राहिले? आडरानात होते म्हणून.

पण रान कायम आडरान राहिले नाही. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. दख्खनचा माल मुरगाव बंदरात उतरावा अशी दोघांची मसलत होती. लंडनमध्ये कंपनी निघाली आणि १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसल रॉक हा लोहमार्ग पुरा झाला. कॅसल रॉक ते कुळे हे अंतर सव्वीस किलोमीटरच्या घरात, पण चढ असा की सदतीस हात पुढे गेले की एक हात वर चढायचे. आगगाडीच्या दृष्टीने हा चढ फारच खडा. आजही घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनांचा रेटा लागतो. या घाटाला ब्रागांझा घाट म्हणतात. याच मार्गाने १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही कॅसल रॉककडून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. धबधबा पाहताना बोगद्यांकडे आपले लक्ष जात नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

रूळ आले तेव्हा दूधसागर प्रवाशांना दिसू लागला. पण साऱ्या देशाला तो दिसला तो २०१३ मध्ये, रुपेरी पडद्यावर. रोहित शेट्टी यांच्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’ या चित्रपटात शाहरुख खान आणि दीपिका पदुकोण यांची गाडी या धबधब्यासमोरच्या पुलावर थांबते. मागे दुधाची भिंत, पुढे निळी गाडी! प्रसंग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो यात शंका नाही. गंमत अशी, की मुंबईहून चेन्नईला जाणारी खरी गाडी पुणे, सोलापूर या वाटेने जाते, दूधसागराच्या वाऱ्यालाही ती उभी राहत नाही. त्याहून मोठी गंमत कथानकात आहे. नायकाला मित्रांबरोबर गोव्याला जायचे असते, तो चुकून तमिळ मुलखात जाऊन पोचतो, आणि तो मुलूख म्हणून प्रेक्षकांना दाखवतात ते गोव्यातलेच रान! बिचाऱ्याला गोव्यात आल्याचा पत्ताच नाही.

चित्रपटाला असे स्वातंत्र्य असायचेच. केरळात त्रिशूर जिल्ह्यात अतिरप्पिळ्ळी नावाचा धबधबा आहे. त्याची उंची अवघी ऐंशी फूट. मणिरत्नम यांच्या ‘रावण’ या २०१० च्या चित्रपटात तो आहे, आणि २०१५ च्या ‘बाहुबली’त तंत्राच्या करामतीने तो आभाळाला जाऊन भिडला. तिथे जाणारे लोक बाहुबलीचा धबधबा शोधतात आणि ‘एवढाच का?’ म्हणून हिरमुसतात, यात धबधब्याचा काय अपराध? या धबधब्याच्या वरच्या अंगाला वीजप्रकल्प योजलेला होता. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात त्याला संमती देऊ नये असे सुचवले. धरण झाले असते, तर कॅमेरा कितीही कुशल असला तरी त्याच्यासमोर पाणी किती उरले असते?

दूधसागराची अडचण वेगळ्या तऱ्हेची आहे. चित्रपटानंतर इथली गर्दी फार वाढली. पावसाळ्यात तरुणांचे थवेच्या थवे कुळ्याहून किंवा कॅसल रॉकहून रुळांवरून चालत निघू लागले. वाट अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मध्ये बोगदे, आणि गाडीचा आवाज पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. रेल्वेने याला मनाई केली. जुलै २०२३ मध्ये तर असे आलेल्या तरुणांना पोलिसांनी तिथेच उठाबशा काढायला लावल्या, ती दृश्ये देशभर पसरली. शिक्षा शाळकरी वाटेल, पण तो धोका शाळकरी नव्हता.

आणि गर्दीपेक्षाही मोठा प्रश्न वरच्या रानाचा आहे. एकेरी लोहमार्गाशेजारी दुसरा मार्ग घालावा, महामार्ग रुंद करावा आणि उच्च दाबाची वीजवाहिनी न्यावी, अशा तीन योजना मोल्याच्या जंगलातून जाणाऱ्या होत्या. त्यांना वन्यजीव मंडळाच्या समितीची मान्यता मिळाली आणि २०२० मध्ये गोव्यात मोठा विरोध उभा राहिला. त्यात विद्यार्थी होते, शास्त्रज्ञ होते, चित्रकार होते, गावकरी होते. रेल्वेचे म्हणणे, एकेरी मार्गावर गाड्या खोळंबतात. विरोधकांचे म्हणणे, दुसरा मार्ग हवा आहे तो मुरगाव बंदरातल्या कोळशासाठी, आणि त्यासाठी शेकडो वर्षांची झाडे आणि झरे का द्यावेत? रेल्वेची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही, या घाटात तासभर अडकून बसलेल्या कुठल्याही प्रवाशाला ती कळेल. पण त्या झऱ्यांवर नदी आहे आणि नदीवर शहरे आहेत, हा हिशेब नकाशावरच्या एका रेघेत मांडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी कॅसल रॉक ते कुळे या दुहेरी मार्गाला मिळालेली ती मान्यता रद्द केली. गरज पुरेशी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाला दिसले.

ज्या शिक्षकांना मुलांची सहल न्यायची असेल, त्यांनी दिवाळीनंतरचे दिवस धरावेत. पाण्याचा जोर ओसरलेला असतो, पण धार भरपूर असते. पावसाळ्यात रानातली वाट ओढ्यांमुळे बंदच राहते. कुळ्याहून जीपगाड्या मिळतात. त्या पाण्यातून, खडकांतून धडपडत रानात नेतात, आणि शेवटचा थोडा भाग धोंड्यांवरून पायी जायचा. पायथ्याचे कुंड खोल आहे, तिथे मुलांना मोकळे सोडू नये. रुळांच्या वाटेचा विचारही करू नये, पूल पाहायचा तो खालूनच छान दिसतो. सकाळी तांबडी सुर्ल्याचे देऊळ करून आलात तर एकाच दिवसात दोन्ही होते. आणि शिदोरी पिशवीत घट्ट बांधून ठेवा. तिथली माकडे फार धीट आहेत, हातातला लाडू नेला तरी कळत नाही.