ओलं कळायला हवं

संगमनेरच्या बाजारपेठेत मेडिकलच्या दारात शाम्पूच्या पुड्यांशेजारी सुट्या डायपरची माळ लटकलेली दिसते. एकेक तोडून विकायचे. घेणाऱ्यांची कारणं ठरलेली: लग्नाला जायचंय, नाशिकला दवाखान्यात दाखवायचंय, पुण्याची एसटी पकडायचीय. नाशिक इथून साधारण 70 किलोमीटर, पुणं 140. तेवढा वेळ मांडीवरचं मूल कोरडं राहिलं की झालं. त्याच दुकानातून महिन्याचा मोठा पुडा उचलणारी जोडपीही असतात. त्यांच्याकडे डायपर प्रवासापुरता उरलेला नाही, तो रोजचा कपडा झाला आहे. मूल शू-शी सांगायला कधी लागेल, हे बरंचसं या दोन गिऱ्हाइकांमधल्या फरकावर ठरतं.

आम्ही दुसऱ्या प्रकारातले. पुण्यात दोघांची नोकरी, त्यामुळे मुलगी दिवसरात्र डायपरमध्ये. ती दीड वर्षाची झाल्यावर संगमनेरला सासरी मुक्काम पडला, तेव्हा तिथे जावेचा पाच महिन्यांचा मुलगाही होता. सासूबाईंनी दोघांचंही काम हातात घेतलं.

बाळाचे लंगोट बोहारणीला द्यायच्या राहिलेल्या सुती साडीचे. नवं कापड चालत नाही, त्यात खळ असते, ते टोचतं आणि पाणीही नीट शोषत नाही. काठाला कात्रीचा एक छेद देऊन पुढे हातानंच टर्रकन फाडायचं, म्हणजे फाट सुतासरळ जाते. बाळ झोपेतून उठलं की सासूबाई त्याला थेट मोरीत नेत. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर त्याला असं बसवायचं की ढुंगण दोन पायांच्या फटीत येईल, पाठीला हात द्यायचा आणि तोंडानं "शूऽऽ" करायचं. क्षणभर काहीच होत नाही, मग धार लागते. दूध पिऊन झालं की थोड्या वेळानं पुन्हा तेच. मधल्या वेळात हातानं दुसरं काम, पण लक्ष त्याच्याकडे. पाय झाडणारं बाळ एकदम स्तब्ध झालं, नजर एका जागी लागली, चेहरा लालबुंद झाला, की "आली बघ याला" म्हणत उचलायचं. हुकलं तर लंगोट आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग साबण, मग कडक ऊन. पूर्वी पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती वाळवायचे.

पाच महिन्यांच्या बाळाचा मूत्राशयावर ताबा नसतो. तो साधारण दीड-दोन वर्षांनंतर येऊ लागतो. सासूबाई करतात ती सवय: ठरावीक वेळ, ठरावीक बैठक, ठरावीक आवाज. व्हिएतनाममध्ये आया याच कामासाठी शीळ घालतात. तिथल्या मुलांचा अभ्यास झाला आहे. बहुतेक मुलं 9 महिन्यांची होईपर्यंत पॉटी वापरायला लागली होती आणि 2 वर्षांपर्यंत त्यांचं बहुतेक शिक्षण उरकलं होतं.

अमेरिकेत उलटा प्रवास झाला. 1961 साली पॅम्पर्स बाजारात आलं. पुढच्याच वर्षी डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी 1,170 मुलांच्या नोंदी मांडून सांगितलं की घाई नको, मूल तयार झालं की शिकवा. ऐंशीच्या दशकात डायपरमध्ये जेल आलं. हे जेल स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी धरतं. लघवीतल्या क्षारांमुळे हे प्रमाण बरंच उतरतं, तरी तीसेक पट राहतं. 2002 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मुली दिवसा कोरड्या राहण्याचं मधलं वय साडेबत्तीस महिने निघालं, मुलग्यांचं 35. पण याचं खापर एकट्या डायपरवर फोडता येणार नाही. डॉक्टरांचा सल्ला बदलला, आया नोकरीला लागल्या, कुटुंबं लहान झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खुद्द ब्रेझल्टन पॅम्पर्सच्या मोठ्या मापाच्या डायपरची जाहिरात करताना दिसले, हा त्यातला गमतीचा भाग.

तरी डायपर काय करतो, हे समजणं अवघड नाही. मुलाचं मूत्राशय किती मिलीलीटर धरतं याचा डॉक्टरांचा ठोकताळा आहे: वयाच्या वर्षांत एक मिळवा आणि तिसानं गुणा. दोन वर्षांचं मूल म्हणजे 90. जेलचा डायपर अशा दोन-तीन शू सहज गिळतो आणि कातडीला पत्ता लागू देत नाही. शू झाली हे मुलालाही कळत नाही आणि मोठ्यांनाही. कापडी म्हटलं म्हणजे सगळं आपोआप सुधारतं, असंही नाही. हल्लीच्या बऱ्याच कापडी डायपरना आतून कोरडं राहणारं अस्तर असतं, तिथेही ओल लपतेच. जुन्या साडीचा लंगोट किंवा साधी सुती चड्डी ती लपवत नाही.

मुलीला दिवसा साधी चड्डी घातली, तेव्हा हे समोरच दिसलं. ती खेळता खेळता थांबली, पायावरून ओघळणाऱ्या धारेकडे वाकून बघत राहिली, फरशीवरच्या थारोळ्यात बोट बुडवलं. हे आपल्यातून आलं, हा शोध तिला तेव्हा लागत होता. सासूबाई ओरडल्या नाहीत. "आधी झाल्यावर सांगेल, मग होताना सांगेल, मग होण्याआधी," एवढंच म्हणाल्या आणि फडकं माझ्या हातात दिलं. क्रम तंतोतंत तसाच झाला. झाल्यावर हात ओढणारी मुलगी पुढे होण्याआधी मोरीकडे पळू लागली. रात्रीचा डायपर आम्ही ठेवला. रात्रीच्या कोरडेपणात झोपेचा आणि संप्रेरकाचा भाग मोठा असतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तर त्याला आजार म्हणत नाहीत. धाक घालूनही उपयोग नसतो. धाकानं मुलं शी दाबून धरतात आणि बद्धकोष्ठ मागे लागतो.

पण लंगोट चालला, कारण बघणारं माणूस घरात होतं. संगमनेरात पिढ्यान्‌पिढ्या बायका घरी विड्या वळत आल्या. सूप मांडीवर, मूल समोर. कामही होई आणि लक्षही राही. सकाळी बसनं कामाला जाणाऱ्या बाईकडे ती सोय नाही. तिच्यासाठी डायपर म्हणजे घरात नसलेल्या माणसाची भरपाई. तिला आळशी ठरवणाऱ्यांनी आधी तिची बाळोती धुऊन बघावीत.

तिसऱ्या वर्षी बालवाडीत नाव घालताना शिक्षिका विचारतातच, "शू सांगते ना?" त्याआधी, दीड-दोन वर्षांच्या सुमारास, कुणीतरी घरी असेल तेवढे तास डायपर काढून ठेवावा. सुट्टीचा दिवस, संध्याकाळचे दोन तास, एवढ्यानंही सुरुवात होते. त्या तासांत फरशी ओली होणारच. ती पुसायचं काम आजी आणि आईपुरतं ठेवलं, तर आठ दिवसांत डायपर परत येतो. बाबाही फडकं घेऊन वाकला, तर तो बहुधा येत नाही.