पन्हळ, मोरी व ओट्याची भिंत

खानदेशांत पाऊस तो केवढा, तेव्हां तेथील घरांना पाण्याच्या निर्गमाची चिंता ती कसली, असा प्रश्न कोंकणांतील एका विद्वान् मित्रानें आम्हांस एकदां विचारिला होता. वरवर पाहतां प्रश्न रास्त आहे. धुळ्याकडे वर्षाकाठीं सुमारें 550 ते 600 मिलिमीटर व जळगांवकडे 700 च्या आसपास पाऊस पडतो. कोंकणांत एवढा एका महिन्यांतच पडून जातो. परंतु गेल्या कांहीं वर्षांत पडक्या वाड्यांचीं जीं टिपणें आम्हीं केलीं, त्यांवरून आमचें मत असें बनलें आहे कीं, येथील बहुतेक भिंती पावसाच्या माऱ्यानें पडलेल्या नसून, पडून गेलेल्या पावसाचें पाणी जागच्या जागीं अडून राहिल्यामुळें पडल्या आहेत. जुन्या बांधणाऱ्यांस हें ठाऊक होतें. अलीकडील डागडुजींत तें विसरलें गेलें.

प्रथम जमिनीचा विचार. तापी, पांझरा, गिरणा व बोरी यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. वैशाखांत तिला हात हात खोल भेगा पडतात. मृगाचें पहिलें पाणी अशा जमिनीवरून वाहत जात नाहीं. तें भेगांतून थेट जोत्याच्या पायाखालीं उतरतें. जोत्याची एक बाजू फुगते, दुसरी कोरडी राहते, आणि भिंतीस तिरपी चीर जाते. कोंकणांतील जांभा दगड पाणी पितो व सोडतो. आमची काळी तें पिते व धरून ठेवते. म्हणून पाऊस थोडा असला तरी तो घरापासून दूर नेणें येथें अधिकच अगत्याचें आहे.

आतां घर पाहूं. जुनें खानदेशी घर धाब्याचें. लांकडी कड्यांवर पाट किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर, त्यावर चिखल, आणि सर्वांवर खारी माती. ही खारी पाणी लागतांच मिटते व पुढचें पाणी खालीं जाऊं देत नाहीं. म्हणून पावसाळ्यापूर्वीं तिचा नवा थर देण्याची चाल पडली. धाबें दिसावयास सपाट, पण खरोखर सपाट कधींच नसतें. तें एका अंगास किंचित् उतरतें असतें, व उताराच्या टोकास कठड्यांतून लांकडाची, दगडाची किंवा पत्र्याची पन्हळ बाहेर काढलेली असते. ती चांगली हातभर पुढें आलेली हवी. आखूड पन्हळीचें पाणी वाऱ्याबरोबर भिंतीवरच परततें आणि मातीची भिंत बघतां बघतां खातें.

पन्हळ हा शब्द संस्कृत प्रणाल, प्राकृत पणाल, या वाटेनें आपणांकडे आला. देवळाच्या गाभाऱ्यांतून अभिषेकाचें पाणी बाहेर नेणारी वाट, तीही प्रणालच. शब्दाचें हें कुळ सांगण्याचें कारण असें कीं, कौटिलीय अर्थशास्त्रांत हाच शब्द घराच्या संदर्भांत येतो, व तोही दंडासह. 1909 सालीं शामशास्त्र्यांनीं म्हैसुरास हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तूचे जे नियम आहेत, त्यांचा आशय असा : घरधन्यानें ठराविक अंतर सोडून पाण्याची वाट करावी, आणि ती चांगल्या उताराची तरी असावी किंवा पाणी धारेनें खालीं पडेल अशी तरी असावी, न केल्यास 54 पण दंड. दुसऱ्याच्या भिंतीस पाण्यानें इजा केल्यास 12 पण. पाऊस पडत असतां प्रणाली मोकळी न ठेविल्यास पुन्हां 12 पण. शास्त्रकारानें पाण्याच्या वाटेचें माप सांगतांना तिच्या उताराचाही विचार केला, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. वाट आहे पण उतार नाहीं, तर ती वाट नव्हे.

इंग्रजी अमदानींतील 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा 1891 सालीं मुंबई इलाख्यास लागू झाला. त्यांत उलट बाजूनें विचार आहे. वरच्या जमिनीवर पडलेलें व ठराविक पाटानें न वाहणारें पाणी नैसर्गिक रीतीनें खालच्या जमिनीवर उतरूं देणें खालच्या धन्यास भाग आहे. कौटिल्य भार घालतो तो ज्याचें पाणी त्याच्यावर. हा कायदा घालतो तो ज्याची जमीन सखल त्याच्यावर. पण अंगणास फरशी बसविली, भर घातली, भिंत उठविली, म्हणजे तें पाणी नैसर्गिक रीतीनें उतरतें असें म्हणावें काय? आम्हांस तर कौटिल्याचीच बाजू न्यायाची वाटते, आणि त्यास स्वानुभवाचा आधार आहे.

आमच्या वडिलार्जित घराचें अंगण पूर्वीं शेणानें सारविलेलें होतें. मधोमध तुळशीवृंदावन, व तेथून दाराजवळच्या मोरीपर्यंत दगडांत कोरलेली बोटभर खोल नाली. शाळेंतून निवृत्त झाल्यावर चिखल नको म्हणून आम्हीं शहाबादी फरशी बसविली. तिच्याखालीं शेतांतील काळ्या मातीची भर घालून अंगण वीतभर उंच केलें. नाली व मोरीचें तोंड भरीखालीं गेलें. पश्चिमेची 6 फूट उंचीची दगडी भिंत जुनी, सुक्या रचाईची होती. तीही आतून बाहेरून सिमेंटानें लिंपून घेतली. पुढच्या वर्षीं श्रावणांत एका रात्रीं ती भिंत पलीकडे तीन हात खालीं असलेल्या शेजाऱ्यांच्या गोठ्यावर जाऊन बसली. म्हैस त्या रात्रीं बाहेर बांधलेली होती म्हणून वांचली. शेजारी सात्त्विक गृहस्थ, ते एवढेंच म्हणाले, "गुरुजी, पाऊस आमच्याकडेही पडला." कौटिल्याचे 12 पण त्या रात्रीं आम्हांस आठवले.

झालें तें असें. फरशीच्या सांध्यांतून पाणी भरींत उतरलें. काळ्या मातीनें तें धरिलें. बाहेर पडावयास पूर्वीं दगडांमधील फटी होत्या, त्या आम्हींच बुजविल्या होत्या. मातीस धरून ठेवणारी भिंत मातीच्या भारास सहसा हार जात नाहीं. ती पाण्याच्या भारास हार जाते. हिशेब अवघड नाहीं. 3 मीटर उंचीच्या भिंतीमागें कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारें 2,700 किलोचा रेटा येतो. त्याच भरींत वरपर्यंत पाणी तुंबलें तर एकट्या पाण्याचा रेटा 4,500 किलो होतो, व भिजलेल्या भरीचा धरून एकूण 6,000 च्या घरांत जातो. उंची दुप्पट झाली तर रेटा चौपट.

हा हिशेब मनांत ठेवून थाळनेरचा किल्ला पाहावा. तापीच्या कांठच्या उंचवट्यावर हा किल्ला असून 27 फेब्रुवारी 1818 रोजीं सर टॉमस हिस्लॉप यानें तो घेतला. उरलेल्या तीन बाजूंच्या खोलगट भागापासून त्याच्या भिंती सुमारें 60 फूट उंच असल्याचें त्या काळच्या वर्णनांत आहे. अशा ठिकाणीं भिंतीचें काम शत्रूस बाहेर ठेवण्याइतकेंच मातीस आंत ठेवण्याचें असतें. इंग्रजांच्या तोफांहून तापीनें व मागच्या मातींत मुरलेल्या पाण्यानें येथें अधिक नाश केला, अशी आमची समजूत आहे. जुन्या तटांचे सांधे सिमेंटानें गच्च भरून त्यासच जीर्णोद्धार म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस म्हणूनच भयावह वाटते.

मग करावें काय? योजना नेहमीं शेवटाकडून करावी. पाणी कोठें सोडावयाचें हें आधीं ठरवावें, तेथील पातळी मापावी, व तेथून मागें मागें येत अंगणाची व जोत्याची उंची ठरवावी. आम्हीं उलट केलें. 100 चौरस मीटर अंगणावर तासाभरांत 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5,000 लिटर पाणी होतें. तेवढें मोरींतून जातें कीं नाहीं तें पाहावें. फरशीस 60 हातांस 1 हात इतका तरी उतार असावा, व तो जोत्यापासून दूर जाणारा असावा. भिंतीमागें काळी माती कदापि घालूं नये. भिंतीस लागून हातभर रुंदीची खडी, तिच्यामागें मुरूम, आणि माथ्यावर पाणी आंत शिरूं नये म्हणून चोपलेल्या मातीचा उतरता थर द्यावा. भिंतीच्या तळाशीं दर 5-6 फुटांवर 3 इंच व्यासाचें, बाहेरच्या अंगास कललेलें भोंक ठेवावें, व त्याच्या आंतल्या तोंडाशीं मोठी खडी रचावी, म्हणजे बारीक मातीनें तें बुजत नाहीं. गवंडी अशीं भोंकें ठेवावयास नाखूष असतात. भिंत विद्रूप दिसते म्हणतात. चाळीसगांवजवळच्या डोंगरांत पितळखोऱ्याच्या चवथ्या लेण्यांत दाराजवळ पंचफणी नाग कोरलेला आहे. त्याच्या फणांस भोंकें असून वरच्या कुंडांतील पाणी त्यांतून बाहेर येईल अशी योजना होती. तेथील कारागिरांस भोंकाची लाज वाटली नाहीं.

वाटांविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. रस्ता कांसवाच्या पाठीसारखा मध्यें उंच असावा व पाणी जाण्यासाठीं दोन्ही बाजूंस चर असावे, असें शुक्रनीतींत सांगितलें आहे. हा ग्रंथ फार जुना नसून अगदीं अलीकडचा असावा असें कित्येक पंडित म्हणतात. तसें असलें तरी नियम खोटा ठरत नाहीं. कॅप्टन ब्रिग्जनें धुळ्यास जी नवी वस्ती आंखली, तिच्यासारख्या सरळ गल्ल्यांत तर त्याचें महत्त्व अधिक. दर दुरुस्तीस रस्त्यावर नवा थर चढत गेला म्हणजे रस्ता जोत्याहून उंच होतो, आणि गल्लीचेंच पाणी ओट्यावरून घरांत येतें. 1872 च्या पांझरेच्या पुरानें धुळ्याची मोठी हानि केली हें प्रसिद्धच आहे. पण ओट्यावरून येणाऱ्या या पाण्यास पूर लागत नाहीं, अर्ध्या तासाची सर पुरते.

आमची भिंत वर सांगितल्याप्रमाणें पुन्हां बांधली. तिला 9 भोंकें आहेत. त्यांचें पाणी शेजाऱ्यांच्या हद्दींत पडतें, म्हणून तळाशीं त्यांच्या संमतीनें एक नाली काढून ती गल्लीच्या गटारास जोडली. कायद्यानें पाणी घेणें त्यांस भाग आहे किंवा नाहीं हा वाद आम्हीं काढला नाहीं. मृगापूर्वीं ती नाली उपसणें आमच्याकडे लागलें आहे, आणि खोरें शेजारी देतात.