ब्रेडाच्या पवनचक्क्या : चार आणे गावाचे

ब्रेडा हे नेदरलँड्सच्या दक्षिणेला, बेल्जियमच्या सीमेलगत वसलेलं शहर. रॉटरडॅमहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. पर्यटक येतात ते ग्रोटे केर्क या चर्चचा 97 मीटर उंच मनोरा पाहायला आणि किल्ल्यापाशी 1590ची गोष्ट ऐकायला. किल्ल्यात तेव्हा स्पॅनिश शिबंदी होती. तिच्यासाठी पीट, म्हणजे दलदलीतून काढलेलं मातकट जळण, घेऊन एक गलबत आत गेलं. त्या पीटखाली डच बाजूचे सत्तरेक सैनिक दडले होते. किल्ला पडला. जळणापायी सत्ता बदललेली या शहराने पाहिली आहे.

आजचं जळण मात्र शहराबाहेर, पश्चिमेला प्रिन्सेनबेकच्या बाजूला जाऊन पाहावं. सायकल घ्यावी, रस्ता सपाट आहे. रॉटरडॅम-अँटवर्प हा ए-16 महामार्ग आणि त्याला खेटून जाणारा अतिवेगवान रेल्वेमार्ग यांच्या कडेने, मुर्डाइकपासून थेट बेल्जियमच्या सीमेपर्यंत, 28 पवनचक्क्या उभ्या आहेत. मुर्डाइक, ड्रिमेलेन, ब्रेडा आणि व्हॅन गॉगचं जन्मगाव झुंडर्ट, अशा चार पालिकांच्या हद्दीत. पात्याचं टोक सुमारे 210 मीटरवर पोहोचतं. चर्चच्या मनोऱ्याच्या दुपटीहून जास्त. सुंदर दिसतात का? माझं मत विचाराल तर नाही. पण जिथे आधीच गाड्यांचा अखंड घोंगाट आहे तिथेच त्या लावल्या, एखादं शांत कुरण त्यासाठी निवडलं नाही, हे शहाणपणाचं वाटतं.

खरी पाहण्याजोगी गोष्ट कागदावर आहे. पवनचक्कीचं एक जुनं दुखणं असतं : ज्याच्या शेतात ती उभी राहते त्याला भाडं मिळतं, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला आवाज आणि फिरत्या पात्याची लपलपती सावली. सावली खिडकीवर जास्त वेळ पडू लागली तर चक्की आपोआप थांबावी, अशी सोय डच पवनचक्क्यांत असते. पण तेवढ्याने शेजाऱ्याचा राग जात नाही. म्हणून इथे प्रकल्पातला 25 टक्के वाटा स्थानिकांसाठी राखला गेला. तो एका स्थानिक संस्थेमार्फत सांभाळला जातो आणि त्यातला नफा आसपासच्या गावांत ऊर्जाबचतीच्या कामांना लावायचा, अशी योजना आहे. विरोध झालाच. नोंदवण्यासारखं एवढंच, की वाटाघाटी भाड्यावर न थांबता मालकीपर्यंत गेल्या.

आपल्याकडे साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या ब्रेडाच्या कितीतरी आधी आल्या. चाळकेवाडीवर 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की चक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले. म्हणजे चक्की उभी राहिली की पठाराचं गणित बदलतं. पठारावरच्या माणसांचं गणित मात्र जमीन विकली त्या दिवशीच मिटतं. पुढे पाती वर्षानुवर्षं फिरोत, कमाईत त्यांचा हिस्सा नाही.

राज्यात पवनऊर्जेचे नवे करार होतील, जुन्या चक्क्या बदलून मोठ्या उभ्या राहतील. ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखल्यावर शिक्का मारण्याआधी रस्ता आणि समाजमंदिर मागावंच. पण त्याआधी ब्रेडासारखा चार आण्यांचा हिस्सा मागावा.