निळ्या टोपीतली कारकुनी

पोरगा ‘यूएन’वर गेला, ही बातमी सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी गावांत पारावर पोचली की पाठोपाठ दोन शेरे येतात. ‘आता डॉलर छापणार’ हा एक, आणि ‘तिकडं रोज गोळीबार’ हा दुसरा.

आधी डॉलरचं बघू. शांतिसेनेत पलटणीबरोबर गेलेल्या जवानाचा पगार न्यूयॉर्कहून येत नाही, तो भारत सरकारच देतं. संयुक्त राष्ट्रं माणशी दरमहा ठरावीक रक्कम सरकारला भरून देतात. ती २०१८ मध्ये १,४२८ डॉलर झाली, २०२२ मध्ये १,४४८. संयुक्त राष्ट्रांकडून जवानाला मिळतो तो दैनिक भत्ता, १ डॉलर २८ सेंट. मग घोटाळा कुठे होतो? लष्करी निरीक्षक आणि मिशनच्या मुख्यालयात नेमलेले स्टाफ अधिकारी यांचा निर्वाहभत्ता खरोखरच संयुक्त राष्ट्रं देतात, आणि तो घसघशीत असतो. पारावर साहेबाची कमाई जवानाच्या नावावर खपते, एवढंच.

आता गोळीबार. दक्षिण सुदानचं मिशन २०११ साली, तो देश जन्मला त्याच महिन्यात सुरू झालं. तिथे भारताचे लोक मोठ्या संख्येने आहेत. गस्त असते, धोकाही असतो. पण गस्त परतली की गाडीचे किलोमीटर, जळालेलं डिझेल, वाटेत कुणाशी काय बोलणं झालं, रस्ता कुठे खचला, सगळं लिहावं लागतं. पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या रुततात, तेव्हा रस्त्याची ती एक ओळ दुसऱ्या दिवशीच्या तुकडीला फार कामाची. रोजचा सिटरेप, म्हणजे परिस्थितीचा अहवाल, वर जातो. शिवाय पलटणीचं घरचं काम चालूच राहतं. गावाकडे कुणाला मुलगी झाली की क्लार्क तिची ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतो. ती निघाली नाही तर पोरीचं नाव नोंदीवर चढत नाही आणि तिच्यापोटी मिळायचं ते अडतं.

सर्वांत चिवट काम सामानाचं. गाड्या, जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं पलटण भारतातून घेऊन जाते आणि त्यांचं भाडं संयुक्त राष्ट्रं सरकारला देतात. त्यासाठी लेखी करार असतो. तपासणी करणारे येऊन मोजतात, चालवून बघतात. करारातल्या गाड्यांपैकी ९० टक्के चालू हव्यात, त्याखाली गेलं की भाडं कापलं जातं. म्हणजे एका सुट्या भागाची मागणी क्लार्कच्या टेबलावर पडून राहिली, तर फटका थेट दिल्लीच्या तिजोरीला. मला तरी या कामापुढे गस्त सोपी वाटते.

‘क्लार्क म्हणजे काही खरा फौजी नव्हे’ हा समज तर छावणीतल्या थट्टेतूनही डोकावतो. भारतीय सैन्यातला क्लार्क आधी सैनिकी प्रशिक्षण घेतो, मग टेबलावर बसतो. आणि तिकडे टेबल न् मोर्चा यांच्यात अंतर तरी किती? १९ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण सुदानमधल्या अकोबोच्या छोट्या तळावर सुमारे दोन हजार सशस्त्र तरुण चालून आले. आश्रयाला आलेल्या नागरिकांना वाचवताना दोन भारतीय जवान मारले गेले.

परदेशात लढाईपलीकडची अशी कामं भारतीय फौजेला नवी नाहीत. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली, तेव्हा त्या दलाचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाने भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरनेच त्यांना उचलून नेलं.

राहिला फावला वेळ. ‘ड्यूटी संपली की परदेश फिरायचा’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तारेचं कुंपण डोळ्यांसमोर आणावं. बाहेर एकट्याने जायचं नाही, अमुक जागा बंद, अमुक वेळेनंतर फाटक बंद. उरतं ते आतलं: व्हॉलीबॉल, कॅरम, सणासुदीला बडाखाना. गंमत अशी की ही करमणूकही त्याच करारात बसते. ‘जवानांचं कल्याण’ आणि ‘इंटरनेट’ अशा वेगळ्या बाबी आहेत, त्यांचे माणशी दर ठरलेले आहेत. त्यामुळे जनरेटर तपासायला आलेला माणूस व्यायामाची खोलीही बघून जातो.

इंटरनेटवाल्या खोलीत संध्याकाळी गर्दी होते. दक्षिण सुदानची राजधानी जुबा आणि भारत यांच्या घड्याळात पूर्वी अडीच तासांचा फरक होता. १ फेब्रुवारी २०२१ ला दक्षिण सुदानने आपलं घड्याळ एक तास मागे घेतलं आणि तो साडेतीन झाला. पूर्वी सात वाजता फोन लागला की घरी साडेनऊ वाजलेले असत. आता साडेदहा, आणि पोरं झोपलेली असतात.