उंबरठ्याबाहेरचें सोवळें

आमच्या नंदुरबाराहून लोहमार्गानें पश्चिमेस निघालें म्हणजे सुरत लागते. पोटापाण्यासाठीं खानदेशांतील पुष्कळ कुटुंबें त्या नगरांत जाऊन राहिलीं आहेत. उधना, लिंबायत या वस्त्यांतून आजहि अहिराणी कानीं पडते. मोठ्या शहरांतील घरगुती स्वच्छतेचा विषय निघाला कीं आम्हांस प्रथम सुरतेचें स्मरण व्हावें, यांत नवल नाहीं.

सन १९९४ च्या सप्टेंबरांत, पावसाचें व पुराचें पाणी ओसरल्यावर, तेथें फुफ्फुसाच्या प्लेगची सांथ उद्भवली. मृत्यु सुमारें ५० झाले. पण भयानें लाखों माणसें शहर सोडून निघालीं. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रकटला, तेव्हांहि अशीच पळापळ झाली होती. मधल्या काळांत ज्ञानांत भर पडली नव्हती असें नाहीं. १८९४ सालीं हाँगकाँग येथें यर्सिन यानें रोगाचा जंतु शोधला. १८९८ सालीं सिमों यानें उंदराच्या अंगावरील पिसूचा दुवा दाखविला. पुढें गुणकारी औषधेंहि निघालीं. मग उणें काय होतें? आचरण! खरकटें गल्लींत पडतें, त्यावर उंदीर पोसतात, उंदरांवर पिसवा, आणि पिसवांवाटे रोग माणसांत शिरतो. एकदां तो फुफ्फुसांत गेला कीं श्वासावाटे घरोघर फिरतो. कोणाची भिंत कोणती, हें तो पाहत नाहीं.

सन १९९५ मध्यें एस. आर. राव हे सुरत महापालिकेचे आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनीं रोज स्वतः फिरून पाहावें, रस्ते रात्रीं झाडावे, घाण टाकणारास दंड व्हावा, असा क्रम त्यांनीं घालून दिला. थोडक्याच काळांत शहराची कळा पालटली. आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत सुरतेनें इंदूरच्या जोडीनें पहिला क्रमांक मिळविला. माणसें तींच होतीं. वळण मात्र बदललें.

आतां आपल्या घरांकडे वळूं. पतंजलींनीं नियमांमध्यें शौच प्रथम सांगितलें, हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु शौच म्हणजे मळ नाहींसा करणें; तो आपल्या दारांतून शेजाऱ्याच्या दारीं सारणें नव्हे. देवघर लखलखीत आणि जिन्याखालीं केराचा ढीग, ही शुचिता कोणत्या शास्त्रांत बसते? हाताचीहि तीच गोष्ट. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस या वैद्यानें डॉक्टरांस औषधी पाण्यानें हात धुवावयास लावले, आणि प्रसूतिगृहांतील मृत्यु झपाट्यानें घटले. हात नुसते ओले करून भागत नाहीं. साबणानें चोळून धुतले पाहिजेत. स्वयंपाकापूर्वीं, जेवणापूर्वीं, बाळाचें दुपटें बदलल्यावर, हा नेम चुकूं नये.

पाणी रोज येत नाहीं म्हणून आपण तें सांठवितों. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ, निश्चल पाण्यांत अंडीं घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडूं लागते. म्हणून आठवड्यांतून एक दिवस पिंप, हौद, कूलर हीं सर्व रिकामीं करून आंतून घांसावीं, कारण अंडीं कडेला चिकटून राहतात. पिण्याच्या पाण्यांत बोटें न बुडवितां लांब दांड्याचें ओगराळें वापरावें. ओला व सुका केर वेगळा ठेवावा. डब्यास झांकण असावें.

याच केराला कोणा मनुष्याचे हात लागतात, हें विसरूं नये. फुटकी कांच, दाढीचें पातें, औषधाची सुई निराळी गुंडाळून द्यावी. घरची मैल्याची टाकी साफ करविण्यासाठीं संरक्षक साधनांवांचून माणूस आंत उतरविणें हा २०१३ च्या कायद्यान्वयें अपराध आहे. अशा टाक्यांतील विषारी वायूनें गुदमरून कित्येकांचे प्राण गेले आहेत. चार पैसे वाचविण्यासाठीं दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्या घरास आम्ही सोवळें म्हणणार नाहीं.

हें सारें ओझें एकट्या सुनेवर टाकूं नये, हीहि आमची विनंति आहे. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात. आजोबांनीं केर वेगळा करावा, मुलांनीं पिंपें घांसावीं, कर्त्या पुरुषानें टाकीची व्यवस्था पाहावी. वडिलधाऱ्यांनीं झाडू हातीं घेतला, तर नातवंडांस त्यावर निराळा उपदेश करावा लागणार नाहीं.